पाहुणे मोजणाऱ्याच्या घरी

व्हिएन्नाहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, “काय काय पाहिलंस?” महाल पाहिला, चर्च पाहिलं, नदी पाहिली, घोडागाडीतले घोडेही पाहिले. पण खरं सांगायचं तर तिथे होतो तेवढे दिवस मी मुख्यतः मंदारकडे पाहत होतो आणि जळत होतो. त्याच्या ऑफिसवर जळलो, त्याच्या ट्रॅमवर जळलो, त्याच्या नळाला येणाऱ्या डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावरही जळलो. प्रवासवर्णनात असं लिहायचं नसतं, हे मला कळतं. पण तुम्ही उद्या व्हिएन्नाला गेलात आणि तुमच्या पोटात दुखलं, तर निदान औषध आधीच घेऊन जाल.

मंदार आणि मी सिडनीच्या युनिमध्ये एकत्र मास्टर्स केलं. एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये खिचडी लावली, आणि वीकेंडला एकाच ठिकाणी शिफ्ट केली. हार्बरच्या कडेला उभं राहायचं आणि टूरिस्टांना विचारायचं: कुठून आलात, किती रात्री राहणार, कुठे उतरलात. डिग्री झाल्यावर त्याने युरोपची स्कॉलरशिप घेतली, मी ऑस्ट्रेलियाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी घेतली. धंदा दोघांचा तोच राहिला, पाहुणे मोजायचा. फरक एवढाच, की तो व्हिएन्नाचे मोजतो आणि मी सिडनीच्या पश्चिमेकडच्या पॅरामॅटाचे. पार्टीत तो सांगतो, “मी व्हिएन्नाला येणाऱ्या पर्यटकांचा अभ्यास करतो,” तेव्हा लोक हातातला ग्लास खाली ठेवून ऐकतात. मी पॅरामॅटा म्हटलं की लोक विचारतात, “ट्रेनने जातोस की लाइट रेलने?”

तर या मंदारचा एप्रिलमध्ये फोन आला. “सुह्या, आमच्याकडे सीनियर ॲनालिस्टची जागा निघालीये. मी तुझं नाव दिलंय. ये इकडे, आठवडाभर राहा, काम बघ. शुक्रवारी माझ्या बॉससमोर थोडं बोल.”

मला ती नोकरी हवी होती. अगदी हपापल्यासारखी हवी होती. ऋचाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे जरा सौम्य शब्दांत सांगितलं. तिने चहा गाळता गाळता ऐकून घेतलं. “जा, बघून ये,” ती म्हणाली. “पण सही करून येऊ नकोस.”

सासूबाईंनी भाजणीची पिशवी आणि लसणीची चटणी दिली. सासू-सासरे तेव्हा आमच्याकडेच होते. ते असतात तेव्हा ईराची खोली त्यांची, ईरा आमच्या खोलीत गादीवर, आणि माझा लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर. ईराने मला दारात मिठी मारली आणि म्हणाली, “Baba, can I have your side of the bed?” जाण्याआधीच माझी जागा गेली होती.

पोचलो

मंदार एअरपोर्टवर घ्यायला आला होता. ट्रेन सरळ त्याच्या घराजवळ जाते, तरी आला. सुटलेलं पोट नाही, पिकलेले केस नाहीत, अंगात लिननचा शर्ट. मी चोवीस तास विमानात अंग मुडपून बसलेला. त्याने मला इतकी घट्ट मिठी मारली की माझी बॅग पडली.

त्याचं घर जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. सीलिंग एवढं उंच, की आमच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, तेवढ्यात वरचा शेजारी बसला असता. लाकडी फरशी, उंच खिडक्या, खाली लिंडेनची झाडं. आणि मग त्याने एक दार उघडून सांगितलं, “ही तुझी खोली. गेस्ट रूम.”

गेस्ट रूम! एकटा माणूस आणि पाहुण्यांसाठी वेगळी खोली. खिडकीतून चर्चचा कळस दिसतो. सिडनीत या भाड्यात मला गराजही मिळणार नाही. मी म्हटलं, “छान आहे,” आणि ते इतकं कोरडं निघालं की मलाच ऐकू आलं.

“हॉटेलमध्ये राहिला असतास तर बोललो नसतो तुझ्याशी,” मंदार म्हणाला. त्याने साबणापासून चार्जरपर्यंत सगळं मांडून ठेवलं होतं. रात्री उठलो तर लागेल म्हणून उशाशी बिस्किटांचा डबासुद्धा.

संध्याकाळी आम्ही ट्रॅमने शहरात गेलो. आठ वाजून गेले तरी लख्ख उजेड. तिकडे आमच्याकडे जूनमध्ये पाच वाजता अंधार पडतो आणि लोक हीटर कुणी किती वेळ लावला यावरून भांडतात. आमच्या राजधानीतल्या गुंगालिनचा माझा मित्र तर सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ऑफिसला जातो. आणि इथे लोक नदीकाठी पाय सोडून आइस्क्रीम खातायत. यांना उजेडसुद्धा जास्तीचा मिळतो.

त्या ट्रॅममध्येच माझी पहिली फजिती झाली. तिथे तिकीट एकदा मशीनमध्ये छापलं की झालं, उतरताना काही करायचं नसतं. पण सिडनीत इतकी वर्षं चढताना-उतरताना कार्ड टॅप ऑन, टॅप ऑफ करून माझा हात शिवशिवत होता. उतरलो आणि टॅप ऑफचा खांब शोधत स्टॉपवर दोन चकरा मारल्या. मंदार पुढे निघून गेलेला. एका आजोबांना विचारलं, तर त्यांनी जर्मनमध्ये बरंच काही समजावलं आणि शेवटी माझ्या दंडाला धरून मला कचऱ्याच्या डब्यापाशी नेलं. मी वापरलेलं तिकीट टाकायला जागा शोधतोय असं त्यांना वाटलं असावं. मीही त्यांच्या मानासाठी टाकलं. परतीच्या प्रवासाला ते तिकीट चाललं असतं की नाही, हे मंदारने मला सांगितलं नाही, नुसता हसत राहिला.

त्याचं ऑफिस

मंदारची कंपनी छोटी आहे, नाव लिहीत नाही. हॉटेलं, म्युझियमं, गाइड मंडळी यांना ती शहरात येणाऱ्यांचे कल काढून देते. कोण कुठून येतंय, किती रात्री राहतंय, कोणत्या गल्लीत गर्दी होतेय आणि कोणत्या गल्लीकडे कुणी फिरकत नाही.

ऑफिसच्या एका भिंतीवर शहराचा मोठा नकाशा स्क्रीनवर चालू असतो. फोनच्या सिग्नलवरून गर्दी कुठे जमतेय ते रंगात दिसतं. नावगाव काही नाही, नुसते रंग. सकाळी दहाला महालाकडे लाल, दुपारी चर्चच्या चौकात लाल, संध्याकाळी नदीकडे पिवळट. शेजारी हॉटेलात झोपलेल्यांचे आकडे, देशवार. ते सगळं इतकं सुबक, की मी उभा राहून बघतच बसलो.

“या महिन्यात जरा कमी आले तर बरं होईल,” मंदार स्क्रीनकडे बघत म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कमी?”

“अरे, इथले लोक वैतागलेत. जुन्या शहरात भाजी आणायला जायचं तर टूरच्या झेंड्यामागून चालावं लागतं. आता किती आले यापेक्षा किती राहिले, कुठे पांगले, ते मोजतो आम्ही. गर्दी कमी कशी करायची हाच प्रश्न आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही पॅरामॅटात एखादी टूर बस नदीपाशी थांबावी, निदान लोकांनी उतरून कॉफी प्यावी, म्हणून रिपोर्टवर रिपोर्ट काढतो. सगळे ऑपेरा हाउस बघतात आणि ब्लू माउंटन्सला जाताना आमच्या अंगावरून निघून जातात. आमच्याकडे येऊन राहतो तो एकच माणूस, कुणाचे तरी आईबाबा. दर वर्षी आमच्या रिपोर्टमध्ये येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच: नातेवाइकांकडे. आमची मॅनेजर तो तक्ता बघून सुस्कारा सोडते, कारण हे लोक हॉटेलात एक रात्रही राहत नाहीत. आणि याला पाहुणे नको झालेत!

दुपारी तो मला कॉफीहाउसमध्ये घेऊन गेला. चांदीच्या छोट्या ताटलीत कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासवर आडवा चमचा. वेटर काळ्या कोटातला आणि भयंकर तुसडा. सिडनीत आपल्याला कॉफीवाला “हाउ यू गोइंग, मेट?” विचारतो आणि उत्तराची वाट न बघता कागदी कप हातात देतो. इथला एक शब्द बोलत नाही, पण एका कॉफीवर तीन तास बसलात तरी उठवत नाही. मंदार म्हणाला की त्याच्या हॉटेलवाल्यांनी ‘वेटर हसत नाहीत’ अशी तक्रार सर्व्हेत बघितली आणि काहीच केलं नाही, कारण लोक त्यासाठीच येतात. नंतर जर्दाळू भरलेला एक गरम गोळा आला, बटाट्याच्या पिठाचा, वरून तुपात भाजलेला ब्रेडचा चुरा. उकडीच्या मोदकाची आणि बटाटेवड्याची सोयरीक झाली तर असं काहीतरी जन्माला येईल. मी दोन खाल्ले. त्याचाही हेवा वाटला, की याला हे हवं तेव्हा मिळतं.

“तू खूश नाहीस का रे?” मंदारने मधेच विचारलं.

“खूश आहे ना. जेटलॅग आहे.”

महालाच्या फाटकापाशी

बुधवारी मंदारने मला सर्व्हे कसा चालतो ते बघायला पाठवलं. सोबत गेर्डा होती. वय साठीच्या पुढे, पायात मजबूत बूट, हातात टॅब. ती पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची, आता आठवड्यातून तीन दिवस फाटकापाशी उभी राहते. तिची पद्धत सरळ होती. पहिला प्रश्न: तुम्ही व्हिएन्नाला फिरायला आलात का? दुसरा: कुठे उतरलात? माणूस इथलाच निघाला तर थँक्यू म्हणून सोडून द्यायचं. हा सर्व्हे बाहेरून आलेल्यांचा, गावातल्यांचा नाही.

शॉनब्रुनचा महाल पिवळ्या रंगाचा आहे, आणि मागे टेकडीपर्यंत बाग. फुलांचे वाफे असे आखलेले, की त्यात एखादं रोपटं आपल्या मनाने वाढलं तर त्याला दंड होत असावा. आम्ही सावलीत उभे होतो. एक कोरियन कुटुंब झालं, दोन इटालियन मुली झाल्या. आणि मग समोरून एक जोडपं आलं. काकांच्या डोक्यावर क्रिकेटची टोपी, पाठीला सॅक. काकूंचा पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. मी लांबूनच ओळखलं. हे आपलेच.

गेर्डाने विचारलं, “तुम्ही व्हिएन्नाला फिरायला आलात का?”

“नो, नो,” काका ठामपणे म्हणाले. “वी आर स्टेइंग हिअर. अवर हाउस. डॉटर्स हाउस.”

“आय सी. यू लिव्ह हिअर.”

“येस, येस. अवर ओन हाउस.”

गेर्डाने हसून थँक्यू म्हटलं, टॅबवर बोट लावलं आणि त्यांना सोडलं. संपलं. नाशिकचे की कुठले ते काका-काकू एका सेकंदात व्हिएन्नाचे रहिवासी झाले होते.

मी त्यांच्या मागे धावलो. “काका, मराठी का?”

काकूंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. नाशिकचेच निघाले. मुलगी इथे कंपनीत आहे. दोघं मेमध्ये आलेत, ऑगस्टमध्ये परत. व्हिसाच तेवढा आहे. आतापर्यंत तीन म्युझियमं झाली, ऑपेरात उभ्याची तिकिटं काढून काका झोपले, साल्झबर्गला ट्रेनने जाऊन आले, आणि जावयांनी सगळ्यांना नदीवर बोटीतही नेलं.

“मग त्या बाईंना पाहुणे आहोत असं का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“पाहुणे कसले?” काकू म्हणाल्या. “लेकीच्या घरी कोण पाहुणं असतं का? सकाळी उठून पोळ्या मीच लाटते. कालच तिचे सगळे डबे घासून पुसून लावून दिले.”

माझ्या आजीच्या वेळी लोक लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. आता लेकीच्या घरी तीन महिने राहून, डबे लावून, वर पाहुणे नाही म्हणतात. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. काकू मलाही जेवायला या म्हणाल्या, पत्ता द्यायला लागल्या. मी शुक्रवारचं कारण सांगून सुटलो.

पण परत सावलीत येऊन उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मंदारच्या त्या सुबक भिंतीवर हे लोक नव्हते! हॉटेलच्या आकड्यांत नव्हते, कारण लेकीकडे झोपतात. सर्व्हेत नव्हते, कारण घरीच आहोत म्हणतात. आपलेच कशाला, तुर्कांचे, सर्बियन लोकांचे, सगळ्यांचे आईबाप याच पंथाचे असणार. म्युझियमचं तिकीट काढणारे, ट्रेनने फिरणारे, महिनोन्‌महिने राहणारे पाहुणे, आणि त्यांच्यापैकी एकही मोजलेला नाही. इतका हुशार मंदार, आणि हे त्याच्या नजरेतून सुटलं.

संध्याकाळी मी त्याच्या हातची आमटी खाल्ली. पोळ्या त्याला जमत नाहीत, म्हणून मी सासूबाईंच्या भाजणीची थालीपीठं लावली. तो लसणीची चटणी बोटाने चाटत होता आणि युनिच्या दिवसांतल्या गोष्टी काढून हसत होता. मी त्याला महालापाशी काय झालं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्याकडे पहिल्यांदाच त्याच्याकडे नसलेलं काहीतरी होतं, आणि ते मला शुक्रवारी त्याच्या बॉससमोर टाकायचं होतं. असा मी पाहुणा.

शुक्रवार

मंदारची बॉस इंग्रिड. उंच, करड्या केसांची, बोलताना पेन टेबलाला समांतर लावत राहणारी. मी आधी पॅरामॅटाबद्दल बोललो. ती नम्रपणे ऐकत होती. मग मी नाशिकचे काका-काकू काढले.

ती सरळ होऊन बसली. मी सांगितलं की ही गोष्ट मी माझ्या सासूबाईंकडून शिकलो. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नदीकाठी आमच्याच सर्व्हेवाल्याने त्यांना गाठलं, आणि त्यांनी सांगितलं, “मी इथलीच.” तेव्हापासून आम्ही ‘कुठे उतरलात’ असं आधी विचारत नाही. आम्ही विचारतो, “परत कधी जाणार, आणि कुठे?” आपली माणसं राहत्या घराला आपलं म्हणतात, पण परतीचं तिकीट कुठलं आहे ते सगळ्यांना पाठ असतं. तेवढा एक प्रश्न बदलला आणि आमच्याकडे केवढी तरी माणसं दिसायला लागली.

इंग्रिडने पेन सोडून दिलं. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, चांगले, नेमके. मला उत्तरं येत होती. मी सुटलो होतो अगदी. मग ती मंदारकडे वळली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य.

“तू भारतातलाच आहेस. हे तुझ्या कधी लक्षात कसं आलं नाही?”

मंदारने कोटाची बाही नीट केली.

“माझ्याकडे कधी कुणी राहायला आलं नाही,” तो म्हणाला.

इंग्रजीत म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसं एखादी माहिती उपलब्ध नाही म्हणून सांगावं तसं. इंग्रिडने मान हलवली आणि ती पुढच्या मुद्द्यावर गेली. मी मात्र तिथेच अडकलो. माझ्या स्लाइड अजून बाकी होत्या. त्या मी दाखवल्या, पण काय बोललो ते मला आठवत नाही.

टेकडीवर

दुपारी इंग्रिडने मंदारला आत बोलावलं आणि तो हसत बाहेर आला. “झालं तुझं काम,” तो म्हणाला. “ऑफर येतेय. चल.”

तो मला शहराच्या टोकाला घेऊन गेला. ट्रॅम संपते तिथून वर द्राक्षांचे मळे लागतात, आणि मळेवाले आपल्याच अंगणात बाकं टाकून आपलीच वाइन विकतात. खाली सगळं शहर, मधून नदी. अंगणात अक्रोडाचं झाड होतं. ब्रेड, चीज, कसलासा लाल मसालेदार लोण्याचा गोळा. माझ्या ब्रिस्बेनच्या वहिनी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या तळ्याकाठी बार्बेक्यू करतात तेव्हा असाच वारा असतो, पण तिथे कोण ना कोण ओरडत असतं, “सॉस कुठेय?” इथे कुणीच ओरडत नव्हतं.

मी वाट बघत होतो, हा आता चिडेल. तो चिडला नाही. त्याने माझा ग्लास भरला आणि म्हणाला, “काय मस्त पकडलंस यार. इंग्रिड सारखी तेच बोलत होती.”

“मंद्या, मी तुला आधी सांगायला हवं होतं.”

“मग इफेक्ट गेला असता.” तो खरंच हसत होता.

शेवटी मीच विचारलं. “कुणीच आलं नाही म्हणजे? आई?”

“बाबांचं डायलिसिस होतं. त्यांना सोडून आई कशी येणार? बाबा गेले, आता ती म्हणते एवढं विमानात बसवत नाही.” त्याने ब्रेडचा तुकडा मोडला. “बाकी सगळे येतात ना. मावशी आली, काका आला, शाळेतली चार पोरं आली. युरोपची टूर. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंड चार, व्हिएन्ना अर्धा दिवस. बसमधून फोन करतात, ‘अरे, वेळच नाही.’ मी बसच्या पार्किंगमध्ये जातो चॉकलेटचा डबा घेऊन. मावशी माझ्या गालाला हात लावते, तेवढ्यात गाइड झेंडा हलवतो.” मग म्हणाला, “माझी मावशी आमच्या डेटात आहे. डे व्हिजिटर.”

मी हसलो आणि लगेच थांबलो.

“ती खोली मी आईसाठी घेतली होती,” तो म्हणाला. “नंतर म्हटलं, कुणीतरी येईलच.”

माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट चमकली, आणि मी ती विचारायला नको होती. “नोकरीसाठी तू माझंच नाव का दिलंस? माझ्यापेक्षा तगडे लोक असतील ना?”

तो खोटं बोलू शकला असता. “होते की दोघं. पण मला वाटलं, ऑफिसात कुणीतरी मराठी बोलणारं असावं. संध्याकाळी चहाला घरी येईल असं.”

मला राग आला. खरंच आला. इतके दिवस मी समजत होतो माझं काम त्याला दिसलं, आणि याला चहाला माणूस हवा होता. मी तसं बोललो पण. तो म्हणाला, “आता तर मेरिटवर मिळालीये ना तुला? मग?” मेरिट कुणाला कुठे दुखवून मिळालं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. खाली शहरात दिवे लागायला लागले, नऊ वाजून गेले होते. ते इतकं सुंदर दिसत होतं की मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. एवढं सगळं ऐकूनसुद्धा वाटला, हे लिहून टाकतो.

निघताना

शनिवारी घरी व्हिडिओ कॉल केला. सासरे क्रिकेट बघत होते, सासूबाई मध्येच डोकावून थालीपीठं फुटली का विचारून गेल्या, ईराने “Did you pat a horse?” विचारलं आणि उत्तर न ऐकता पळाली. ऋचा फोन घेऊन बाल्कनीत गेली, कारण घरात तेवढीच एक जागा रिकामी होती. मी तिला ऑफर सांगितली. ती म्हणाली, “तुला खूप हवीये का?” मी हो म्हणणार होतो. आठवडाभर मनात तेच घोकत होतो. पण तोंडातून निघालं, “माहीत नाही.” ती म्हणाली, “मग नको.” मी भांडलो नाही, आणि भांडलो नाही याचं मलाच नवल वाटलं. तिथे गेलो असतो तर मंदारच्या हाताखाली रोज जळत बसलो असतो, हेही एक कारण होतं. ऋचाची लॅबमधली नोकरी, ईराची शाळा, ही सांगायची कारणं.

रविवारी सकाळी मंदारला सांगितलं. तो माझ्यासाठी विमानात खायला पराठे बांधत होता, वाकडेतिकडे, पण बांधत होता.

“माहीत होतं मला,” तो म्हणाला. फॉइल नीट दुमडलं. “प्रश्न मात्र बदलतोय आम्ही. इंग्रिडने कालच मेल टाकलाय. पुढच्या महिन्यापासून गेर्डा परतीचं विचारणार.”

“डिसेंबरमध्ये ये तू सिडनीला,” मी म्हटलं.

“येतो, येतो,” तो म्हणाला. आम्ही सगळे त्याला जसं म्हणत आलो तसंच.

मी खोलीत बॅग भरायला गेलो. ऑस्ट्रेलियात राहून एक सवय लागलीये. कुणाकडे राहिलो की निघताना पलंगावरची चादर, उशीचे अभ्रे काढायचे, घड्या करून ठेवायच्या, यजमानाला धुवायला सोपं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा सासूबाईंना फार विचित्र वाटलं होतं, पण आता त्याही करतात. मी एका उशीचा अभ्रा काढला होता आणि चादरीचं टोक ओढत होतो, तेवढ्यात मंदार पराठ्यांचा डबा घेऊन दारात आला.

“काय करतोस?”

“काढून ठेवतो. तुला मशीनला लावायला बरं.”

तो आत आला नाही. डबा दोन्ही हातांत धरून तिथेच उभा राहिला.

“राहू दे सुह्या,” तो म्हणाला. “काढू नकोस. काही दिवस असू दे तशीच. खोलीत कुणीतरी राहून गेलंय असं वाटेल.”

मी उशीला अभ्रा परत घातला.